लगदा आणि झळाळी : पेण-रोहे परिसरातील मूर्तिद्रव्यांचा इतिहास

पेणच्या गणेशमूर्तींचा विषय निघाला म्हणजे चर्चा सामान्यतः मूर्तीच्या घडणीपाशी किंवा तिच्या व्यापारापाशी थांबते. मूर्ती ज्या द्रव्याची केली जाते त्या द्रव्याला, आणि तिच्या पृष्ठभागावर जी झळाळी चढविली जाते त्या झळाळीलाही, स्वतंत्र इतिहास आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. गेल्या पंधरावीस वर्षांत शाडू, प्लास्टर आणि कागदाचा लगदा ह्या तीन द्रव्यांविषयी न्यायालयापासून गल्लीतील मंडळापर्यंत जो वाद चालला, तो बव्हंशी मूर्तीच्या पिंडाविषयीचा वाद होता. तिच्या झळाळीविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले गेले. वस्तुतः पाण्याशी गाठ पडली की पिंड आणि झळाळी ह्यांचे धर्म परस्परविरुद्ध ठरतात. हा विरोध जितका कारखान्यात दिसत नाही तितका तो एका वेगळ्याच ठिकाणी स्पष्ट दिसतो. ते ठिकाण म्हणजे शाळेतील हस्तव्यवसायाचा तास. कागदाचा लगदा करून त्याचे मासे, खेकडे, अष्टपाद असे जलचर घडवावयाचे आणि त्यांवर अंधारात चकाकणारा रंग द्यावयाचा, हा प्रकार अलीकडे देशोदेशींच्या शाळांत रूढ झाला आहे. ह्या लहानशा खेळात दोन जुन्या कलापरंपरा एकत्र आलेल्या आहेत, आणि त्या दोहोंचा धागा पेण-रोह्याच्या खाडीकाठापर्यंत आणून पोहोचविता येतो.

पेण भोगावतीच्या काठी आणि रोहे कुंडलिकेच्या काठी वसलेले आहे. दोन्ही गावे समुद्रापासून आत असली, तरी भरतीचे पाणी त्यांच्या परिसरात पोहोचते. रस्ते आणि रेल्वे येण्यापूर्वी ह्या भागाचा व्यापार खाडीतूनच चालत असे. पेणचे बंदर म्हणजे जवळचे अंतोरे. भात, मीठ आणि इतर माल तेथून गलबतांनी मुंबईस जाई. पेणमधील मूर्तिव्यवसायाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला असे मानतात, व तो देवधर घराण्याशी जोडला जातो. १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येऊ लागले आणि मुंबईची मागणी वाढली. मूर्ती आता घरच्या पाटावरून विहिरीपर्यंत किंवा नदीपर्यंत जाणारी वस्तू राहिली नाही. तिला प्रवास घडू लागला. पुढील सारा द्रव्यबदल ह्या प्रवासातून उद्भवला आहे. ज्या मूर्तीला दूर जावयाचे ती हलकी असावी लागते आणि न तडकणारी असावी लागते. पेणहून हमरापूर, जोहे अशा आसपासच्या गावांत हा व्यवसाय पसरला. तेथून आजही हजारो ‘कच्च्या’ मूर्ती, म्हणजे रंग न दिलेल्या मूर्ती, अन्यत्र जातात आणि ज्या त्या गावचा कारागीर त्यांस रंगवितो. पिंड एका गावचा आणि झळाळी दुसऱ्या गावची, ही विभागणी अशी व्यवहारातच रुजलेली आहे.

येथे एका शब्दभेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. दक्षिण कोकणात, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, जेथे गणपती घडविले जातात त्या जागेला ‘गणपतीची शाळा’ किंवा ‘चित्रशाळा’ म्हणतात. पेणकडे त्याच जागेला ‘कारखाना’ म्हणतात. ह्या कारखान्याला धुराडे नसते. बहुधा तो घराच्या पडवीतच असतो. शाळा हा संस्कृत शब्द आणि कारखाना हा फारसी, एवढ्यावर हा भेद संपत नाही. शाळेत गावच्या ओळखीच्या घरांसाठी, त्यांनी आणून दिलेल्या पाटावर, मूर्ती होते. कारखान्यात अनोळखी गिऱ्हाइकासाठी साच्यातून मूर्ती निघते. ‘साचा’ हा शब्द संस्कृत ‘सञ्चक’ ह्यापासून आलेला आहे, आणि ज्याने कारखान्याला शाळेपासून वेगळे केले ते साधन हेच.

शाळा हा शब्द ह्या जिल्ह्यात आणखी एका अर्थाने मूर्तिकामाशी जोडलेला आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर ह्यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळील सासवणे येथे झाला. घरी गणपती करण्याची परंपरा होती. कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ह्यांनी त्यांचे गुण हेरले आणि त्यांना मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत पाठविले. १८५७ साली स्थापन झालेल्या त्या शाळेतून बाहेर पडलेल्या ह्या मूर्तिकाराच्या मुलाने पुढे पुण्यातील शिवछत्रपतींचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा घडविला. पडवीतील मातीकाम आणि कलाशाळेतील मातीकाम ह्यांत एका पिढीचेही अंतर नव्हते, असे ह्यावरून म्हणावयास हरकत नाही.

आता द्रव्यांकडे वळावयाचे. शाडू ही पांढरट, चिकट, बारीक पोताची माती. ती ह्या भागात मुख्यतः गुजरातेतून येते. म्हणजे जिला आज ‘आपली पारंपरिक माती’ म्हणून गौरविले जाते, ती पेणलाही परगावचीच आहे. शाडूची मूर्ती वजनाला जड, वाळावयास सावकाश, आणि वाळताना घाई केली तर हमखास तडकणारी. ज्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या जिल्ह्यात गणेशचतुर्थी पावसाळ्यातच यावी, ही मूर्तिकाराच्या दृष्टीने मोठीच अडचण होय. म्हणून काम आधीच्या हिवाळ्यापासूनच हाती घ्यावे लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि ह्या अडचणी एका फटक्यात दूर झाल्या. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाणी मिळताच थोड्या मिनिटांत घट्ट होते, साच्याची रेघन् रेघ उचलते आणि पोकळ ओतता येत असल्याने हलकी राहते. परंतु घट्ट होणे म्हणजे पुन्हा जिप्सम होणे, आणि जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम विरघळते. मूर्ती बुडते, पण विरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरचे विघटन करण्याची रीत पुढे आणली, आणि पुणे महानगरपालिकेने तिचा प्रसार केला. ही रीत घरगुती मूर्तीला उपकारक आहे. वीस फुटी मूर्तीसाठी तेवढी मोठी बादली कोठून आणावयाची हा प्रश्न राहतोच.

तिसरे द्रव्य कागदाचा लगदा. पर्यावरणाच्या चळवळीबरोबर ते नव्याने आले असा समज आहे. तो खरा नाही. कागद साठवून, भिजवून, कुटून त्याच्या वस्तू करण्याची कला काश्मीरमध्ये पंधराव्या शतकातील झैनुल आबिदीन ह्याच्या काळापासून चालत आली असे परंपरा सांगते. तेथे तिचे दोन भाग मानतात : वस्तूचा आकार करण्याचे काम ते ‘सख्तसाजी’ आणि तिच्यावर रंगकाम करण्याचे ते ‘नक्काशी’. ही दोन्ही कामे करणारे कारागीर वेगवेगळे असतात. पिंड आणि झळाळी ह्यांच्या भेदाला काश्मिरी कारागिरांनी नावेसुद्धा दिली, आणि पेणमध्ये तोच भेद ‘कच्ची’ ह्या एका विशेषणावर भागविला गेला. महाराष्ट्रातही कागदाचा लगदा अपरिचित नव्हता. जव्हारकडील बोहाड्याच्या उत्सवात देवदैत्यांची जी सोंगे नाचविली जातात त्यांचे मुखवटे लाकडाचे, तसेच लगद्याचेही असतात. कागद तर येथे फार पूर्वीपासून होत असे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव त्या धंद्यावरूनच ओळखले गेले आणि पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागद मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. जेथे कागद होतो तेथे त्याचा लगदा आधी होतो, हे उघडच आहे.

युरोपात ह्या कलेला जे नाव पडले त्या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ ‘चावलेला कागद’ असा आहे. मराठीत ते ‘पेपरमाशे’ म्हणून येते. कागदाचे मासे करणाऱ्या मुलाच्या कानाला त्यात ‘मासे’ ऐकू आले, तर ती लोकव्युत्पत्ती अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही. विनोद बाजूला ठेवला, तरी शिक्षण, जलचर आणि लगदा ह्यांचा संबंध युरोपात एकोणिसाव्या शतकातच जुळला होता. फ्रेंच वैद्य लुई ओझू ह्याने १८२० नंतरच्या दशकात शरीररचना शिकविण्यासाठी लगद्याच्या उकलून दाखविता येणाऱ्या प्रतिकृती करण्यास प्रारंभ केला आणि पुढे प्राण्यांच्याही प्रतिकृती तयार करून जगभर विकल्या. त्याच शतकात ब्लाश्का पितापुत्रांनी समुद्रफुले आणि जेलीमासे काचेत घडविले. त्याचे कारण व्यावहारिक होते : हे मऊ देहाचे जीव मद्यार्कात ठेवले की त्यांचा रंग जातो व आकार बिघडतो. जिवंत जलचराची झळाळी टिकवावयाची तर ती दुसऱ्या द्रव्यात करावी लागते, हे त्यामागील सूत्र होय.

लगद्याची रीत साधी आहे, पण तिच्यात शिस्त लागते. जुनी वर्तमानपत्रे बारीक फाडून रात्रभर भिजत घालावयाची, सकाळी कुटून अथवा वाटून पाणी पिळून काढावयाचे, आणि मग त्यात मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ व खडूची भुकटी मिसळून मळावयाचे. खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तके बांधणारे तिच्यात चिमूटभर मोरचूद घालीत. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देण्याजोगे नाही. कारखान्यात हा लगदा साच्यात आतून पातळ थापतात आणि दोन अर्धुके जोडून पोकळ मूर्ती करतात. शाळेत साचा नसतो. तेथे चुरगळलेला कागद आणि बांबूच्या कामट्या ह्यांचा सांगाडा करून त्यावर कागदाच्या पट्ट्या डकवितात व वरून लगदा देतात. साच्यातला लगदा बाहेरून आत येतो आणि सांगाड्यावरचा आतून बाहेर जातो. ह्यामुळे साच्यातून शंभर मूर्ती एकसारख्या निघतात, तर सांगाड्यावरचा प्रत्येक खेकडा वेगळा होतो. बोट घालून दाबले तरी आत ओल लागत नाही अशी खात्री झाल्याखेरीज रंग देऊ नये, नाहीतर बुरशी येते. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेपासून हस्तोद्योगाला शिक्षणात स्थान देण्याचा विचार सुरू झाला आणि कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींनंतर ‘कार्यानुभव’ हा शब्द शालेय मराठीत रुळला. लगद्यासारखे बिनखर्चाचे द्रव्य त्या विषयाला सोयीचे होते, यात नवल नाही.

पेण-रोह्याच्या मुलाने लगद्याचा जलचर करावयाचा म्हटले तर तो कोणता करावा? पुस्तकातील देवमासा त्याने पाहिलेला नसतो. त्याच्या खाडीत चिंबोरी आहे, चिखलावर उड्या मारणारी निवटी आहे, आणि खारेपाटातील घराघरांच्या तळ्यांत पाळला जाणारा जिताडा आहे. मूर्तिकलेतही जलचर आहेत, पण ते बहुतेक पुराणातून आलेले. शंखात किंवा शिंपल्यात बसविलेला गणपती मूर्तिकारांच्या नमुन्यांत सहज आढळतो. कोकणच्या दशावतारात आणि शिमग्यात नाचणारा काळ्या वेषाचा ‘संकासूर’ म्हणजे मत्स्यावतारात वध पावलेला शंखासुर होय. श चा स आणि ख चा क होऊन समुद्रातला हा दैत्य अंगणात आला आणि येताना आपला शंख विसरला. गणपतीभोवतीच्या ‘मखर’ ह्या शब्दाचा संबंध ‘मकर’ ह्या पौराणिक जलचराशी जोडण्याचा मोह होतो, कारण मकरतोरणे मंदिरांच्या द्वारांवर सर्वत्र आहेत. परंतु मकर ह्याचे प्राकृतातून आलेले मराठी रूप ‘मगर’ असे आहे. स्वरांमधील क चा ख होण्यास आधार नाही. तेव्हा केवळ ध्वनिसाम्यावर ही व्युत्पत्ती स्वीकारता येत नाही. मखराचा इतिहास द्रव्याच्या दृष्टीने मात्र बोलका आहे. कागद आणि पुठ्ठा ह्यांची जागा थर्माकोलने घेतली, आणि २०१८ साली राज्याने थर्माकोलवर बंदी घातल्यानंतर मखर पुन्हा पुठ्ठ्याकडे वळले.

ह्यानंतर झळाळीचा विचार. मराठीत चकाकीच्या शब्दांना एक विलक्षण दैव लाभलेले आहे. ‘बेगड’ म्हणजे धातूचा चकचकीत पातळ पत्रा, सजावटीसाठी चिकटवावयाचा. त्यापासून ‘बेगडी’ म्हणजे खोटा. ‘हरताळ’ हा पिवळाधमक रंग. तो लिहिलेल्या अक्षरांवर फासून ती खोडीत, म्हणून ‘हरताळ फासणे’ म्हणजे नाहीसे करणे. आणि आजच्या बोलीत अंधारात चमकणारी कोणतीही पट्टी, मग ती मोटारीच्या मागची असो की घड्याळाच्या काट्यावरची, ‘रेडियम’ ह्या नावाने ओळखली जाते. तिच्यात रेडियमचा कणही नसतो.

ह्या शेवटच्या शब्दामागे मात्र खरी आणि दारुण हकीकत आहे. १६०३ साली बोलोन्या येथे कासियारोलो नावाच्या चांभाराने भाजलेला एक दगड उजेडात ठेवल्यावर अंधारात चमकतो असे पाहिले. १८७७ साली बाल्मेन ह्या इंग्रज रसायनज्ञाने कॅल्शियम सल्फाइडचा चमकणारा रंग बाजारात आणला. त्याची चमक लवकर विझे. रेडियमचा शोध लागल्यावर त्याचे लवण जस्ताच्या सल्फाइडमध्ये मिसळून न विझणारा रंग करण्यात आला. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या ह्या रंगाने रंगविणाऱ्या मुली कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरीत. १९२० नंतरच्या दशकात त्यांतील अनेकींचे जबडे सडले आणि कित्येक जणी मृत्यू पावल्या. पुढे तो रंग बंद झाला, आणि १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेला, किरणोत्सर्ग नसलेला आणि तासन् तास चमकणारा रंग सिद्ध झाला. शाळेतील लगद्याच्या खेकड्यावर हाच दिला जातो. त्याखाली पांढऱ्या रंगाचा हात द्यावा लागतो, कारण पांढरी पार्श्वभूमी आत गेलेला उजेड परत फेकते. काळ्या रंगावर तोच निस्तेज दिसतो.

पेणच्या मूर्तींची झळाळी ही अंधारातील झळाळी नव्हे. ती मोतिया रंगाची, सोनेरीची आणि रोगणाची आहे. तिचे मूळही गंमतीने जलचरातच सापडते. मोतिया चमक प्रथम साधली ती सतराव्या शतकातील पॅरिसमध्ये, माशाच्या खवल्यांपासून काढलेल्या द्रव्यातून. आज तिची जागा टायटॅनियमचा लेप दिलेल्या अभ्रकाच्या कणांनी घेतली आहे. जुने रंग सारे निरुपद्रवी होते असे मात्र कोणी समजू नये. गेरू, हळद आणि नीळ निर्दोष खऱ्या. परंतु शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ सोमलाचा. ‘पारंपरिक’ आणि ‘निर्विष’ हे दोन शब्द समानार्थी धरण्याची अलीकडची सवय इतिहासाला मान्य होणारी नाही.

विसर्जनाविषयीचे नियम ह्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मार्गदर्शक सूचना दिल्या आणि मे २०२० मध्ये त्या कडक करून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. तिची अंमलबजावणी आरंभी एक वर्ष पुढे ढकलण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सूचना काटेकोरपणे पाळण्याचा आदेश दिला, तेव्हा वर्षभराचे काम करून बसलेल्या मूर्तिकारांवर आकाशच कोसळले. जून २०२५ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, पण त्या नैसर्गिक जलाशयांत विसर्जित करण्यास नव्हे. पुढे सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्तींसाठी कृत्रिम तलाव आवश्यक ठरले. २०२० च्या सूचनांत विषारी रंगांविरुद्धही स्पष्ट कलमे आहेत. तथापि मोर्चे निघाले, याचिका झाल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले ते प्लास्टरवर. ह्याला कारण आहे. प्लास्टर बंद झाले तर कारखान्याचे साचे, कर्जे आणि मजूर एकदम उघडे पडतात. रंग बदलला तर मूर्ती फिकी दिसते, आणि फिकी मूर्ती गिऱ्हाईक उचलीत नाही. पण हे नुकसान एकेका मूर्तीने, निमूटपणे होते. त्यासाठी मोर्चा निघत नाही.

लगदा हा ह्या पेचावरचा सोपा उपाय म्हणून पुढे केला जातो. तो हलका असल्यामुळे परदेशी विमानाने जाणाऱ्या मूर्तीला फारच सोयीचा, हे खरे. पाण्यात तो विरतो, हेही खरे. परंतु विरलेले तंतू कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च करतात, आणि छापील कागदाबरोबर शाईही पाण्यात उतरते. मोठ्या खाडीत भरतीओहोटीने ते धुऊन निघते. गावच्या लहान तळ्यात शेकडो मूर्ती एका दिवशी गेल्या तर मासे मरावयास तेवढे पुरे होते. प्राणवायूची ही गोष्ट झळाळीशी अनपेक्षित रीतीने जोडली जाते. कोकण किनाऱ्यावर अलीकडे हिवाळ्यात लाटा निळ्या चमकताना दिसतात, त्या ‘नॉक्टिल्यूका’ ह्या सूक्ष्म जीवामुळे. अरबी समुद्रातील ह्या जीवाच्या हिवाळी बहराचा आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्याचा संबंध २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडण्यात आला. समुद्र चकाकू लागला की लोक छायाचित्रे काढावयास धावतात. कोळी मात्र जाळ्यात काय येते ते पाहतो.

शाळेतील खेकड्याकडे पुन्हा वळल्यास पिंड आणि झळाळी ह्यांचा विरोध नेमका कोठे आहे ते दिसते. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटला पाणी सोसत नाही. ओलाव्याने त्याचे विघटन होते आणि चमक जाते. म्हणून तो रंग करणारे त्याचा प्रत्येक कण जलरोधक लेपात गुंडाळतात किंवा तो राळेच्या रोगणातून देण्यास सांगतात. मूर्तीवरील मोतिया आणि सोनेरी रंगांनाही पावसाळी दमट हवेत टिकावयाचे तर असाच बंधक लागतो, आणि सुकल्यावर तो प्लास्टिकचा पापुद्रा होतो. पिंड शाडूचा असो की लगद्याचा, तो काही तासांत विरून जातो. वरचा पापुद्रा मूर्तीचा आकार धरून पाण्यात तसाच तरंगत राहतो. हस्तव्यवसायाच्या तासाचा खेकडा पाण्यात जावयाचा नसतो, तो कपाटावर राहतो, म्हणून त्याचे ह्यावाचून काही अडत नाही. कारखान्यात मूर्ती पसंत करणारा मनुष्य मात्र अजूनही ‘मूर्ती कशाची?’ एवढेच विचारतो, आणि ‘शाडूची’ किंवा ‘कागदाची’ असे उत्तर मिळाले की त्याचे समाधान होते. रंग कशाचा, हे विचारण्यास पेणच्या बाजारात अद्याप एखादा रूढ शब्दप्रयोगही तयार झालेला नाही.